शिट्टी नसलेली बॅच कुठे मिळेल?

पर्वरीच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. गेल्या मे महिन्यात समर कॅम्पला पोहायला शिकली, भराभर शिकली म्हणून कोचनी तिला स्पर्धेच्या बॅचमध्ये घेतलं. आता आठवड्यातून पाच संध्याकाळी लॅप्स आणि टायमिंग. दोन महिन्यांपासून क्लासला निघायच्या वेळी तिचं पोट दुखतं. सुट्टीच्या दिवशी मात्र कॉम्प्लेक्सच्या पूलमध्ये दोन-दोन तास बाहेर यायला तयार नसते. कोच म्हणतात, ‘टॅलेंट आहे, वाया घालवू नका.’ गोव्यात मुलांना नुसतं आनंदाने पोहू देणारा वर्ग कुठे मिळेल, आणि मधेच सोडू दिलं तर तिला कच खायची सवय लागेल का? ‘मला स्वतःला पोहता येत नाही, त्यामुळे काही कळत नाही,’ असंही त्यांनी लिहिलं आहे.

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो मनात खुपत राहिला तर पहिल्याचं उत्तर मिळूनही तुम्ही पाऊल उचलणार नाही. नाही, तिला कच खायची सवय लागणार नाही. तिने पाणी सोडलेलंच नाही. जी मुलगी रविवारी दोन तास बाहेर येत नाही, तिला पोहणं नकोसं झालंय असं कोण म्हणेल? तिला नकोशी झाली आहे ती फक्त मोजणी.

बावीस वर्षं मी बार्देश तालुक्यात लहान मुलांना पोहायला शिकवते आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही तुमच्या कोचसारखंच वागले होते. एक दहा वर्षांचा मुलगा होता. पाठीवर इतका सुंदर तरंगायचा की कान पाण्याखाली, डोळे आभाळाकडे, आणि चेहऱ्यावर झोपेत असल्यासारखी शांती. मी त्याला घड्याळ लावून पोहणाऱ्या मुलांमध्ये टाकलं. महिन्याभरात तो आधी शॉवरखाली वीस-वीस मिनिटं काढायला लागला. मग लेनमध्ये उतरल्यावर डाव्या हाताने काठाची पन्हळ घट्ट धरून ठेवायचा, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत, आणि बघायचा ते पाण्याकडे नाही, माझ्या हातातल्या स्टॉपवॉचकडे. मला वाटलं, रुळेल हळूहळू. पावसाळा संपायच्या आत त्याने येणं बंद केलं. पुढे तो कॉलेजात असताना म्हापशाच्या बाजारात भेटला. मी विचारलं, पोहतोस का रे? म्हणाला, ‘नाही टीचर, आता गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही.’ ते उत्तर मी विसरलेले नाही. त्यानंतर मी मुलांच्या बॅचला स्टॉपवॉच नेलेलं नाही.

कोच दुष्ट असतात म्हणून हे सगळं होतं असं मात्र समजू नका. पूलवर लेन मोजक्या, वेळ मोजका. कोचची किंमत ठरते ती त्याच्या मुलांनी आणलेल्या पदकांवर. वयोगटाच्या स्पर्धांना संघ पाठवायचा असतो. त्यात आपल्याकडे गोवा बोर्डात खेळाचे गुण मिळतात, त्यामुळे पालकांनाही वाटतं, पोहतेच आहे तर दहावीच्या मार्कांत तरी उपयोग होऊ दे. म्हणजे मूल जरा बरं पोहायला लागलं की त्याला वर ढकलायला सगळे तयार, आणि ‘आहे तिथेच मजेत राहू दे’ म्हणणारं कुणीच नाही. बहुतेक पूलवर ‘शिकणारे’ आणि ‘स्पर्धेचे’ असे दोनच कप्पे असतात. तुमची मुलगी तिसऱ्या कप्प्यातली आहे. तिला पोहता येतं, आणखी शिकायचंय, पण कुणाच्या पुढे जायचं नाही. या कप्प्याची पाटी कुठल्या पूलवर लागलेली सहसा दिसत नाही. म्हणून तो शोधावा लागतो, आणि बऱ्याचदा चार घरांनी मिळून बनवावा लागतो.

पर्वरीला राहता हे तुमच्या सोयीचं आहे. एका बाजूला मांडवी ओलांडली की पणजीत कांपालचा स्विमिंग पूल, दुसऱ्या बाजूला म्हापशाला पेडेचं क्रीडासंकुल. दोन्ही गोवा क्रीडा प्राधिकरणाचे. दक्षिण गोव्यात राहणाऱ्यांना मडगावला फातोर्ड्याचा आहे. कांपालला २०२३ च्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतलं जलतरण झालं, म्हणून अनेक आया मला म्हणतात की तो तर मोठ्या खेळाडूंचा पूल, आमच्या पोरांचं तिथे काय काम. असं काही नाही. सरकारी पूलवर कोचिंगच्या बॅचेस वेगळ्या आणि सर्वसाधारण पोहणाऱ्यांचे तास वेगळे असतात. तुम्हाला चौकशी करायची आहे ती या दुसऱ्या तासांची. खिडकीवर ‘स्विमिंग क्लास आहे का?’ असं विचारलंत तर हातात कोचिंगचाच फॉर्म येईल. ‘पोहता येणाऱ्या मुलाला नुसतं पोहायला कुठल्या वेळेत सोडता, वयाची अट काय, सोबत मोठं माणूस लागतं का?’ असं विचारा. आणि जायच्या आधी फोन करा. पूल दुरुस्तीला किंवा स्पर्धेला बंद असला तर हेलपाटा पडतो.

खासगी क्लास किंवा हॉटेलच्या पूलवर चालणाऱ्या बॅचेस पाहणार असाल तर जाहिरातीतल्या ‘फन’ या शब्दावर जाऊ नका. फन लिहून आत शिट्टी फुंकणारे मी पाहिले आहेत आणि भिंतीवर पदकांचे फोटो लावून पोरांना तासभर पाण्यात खिदळू देणारेही. शिकवणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारायला सांगते: ‘चारही स्ट्रोक, म्हणजे पोहण्याचे प्रकार, आले की पुढे मूल काय करतं?’ उत्तर ‘मग सिलेक्शन घेतो’ असं आलं तर नमस्कार करून निघा. ‘मग शिकवण्यासारखं काही उरत नाही,’ असं आलं तर ती व्यक्ती प्रामाणिक आहे, पण तुमच्या कामाची नाही. आणि जर शिकवणारा जरा थांबून म्हणाला, ‘ते मुलावर आहे, काही जण बुड्या मारायला शिकतात, काही आपापलं पोहतात, मी लक्ष ठेवतो,’ तर एका महिन्याची फी भरा. एकाच महिन्याची. वर्षाची फी एकदम भरली की पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून आपणच मुलाला ढकलायला लागतो.

फी भरायच्या आधी एक तास काठावर बसून बघा. मुलीला न घेता जा. शिकवणारा पाण्यात आहे की काठावर खुर्चीत? नवशिक्या मुलांबरोबर तो पाण्यातच हवा. एका शिक्षकाकडे किती मुलं? अजून नीट पोहता न येणारी पाच-सहा झाली की पुरे, बारा-पंधरा असतील तर त्याचं लक्ष कुठेतरी कमी पडणारच. शिकवणारा शिकवत असताना पूर्ण पूलवर नजर ठेवणारा जीवरक्षक वेगळा आहे का? आणि रडणाऱ्या मुलाचं काय करतात ते तर नक्की बघा. मूल पायरीवर बसून रडतंय आणि शिक्षक त्याच्याजवळ जाऊन, पाण्यात हात बुडवून त्याच्याशी बोलतोय, तर ती जागा चांगली. ‘एकदा ढकललं की भीती जाते’ असं म्हणणारा कितीही नावाजलेला असला तरी तिथे आपलं मूल देऊ नका. ढकलल्याने भीती जात नाही, दडून बसते. माझ्याकडे अशी मोठी माणसं शिकायला येतात, पन्नाशीतही ज्यांना तो धक्का पाठीवर जाणवतो.

एक साधी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. आपल्या गोव्यातल्या बहुतेक शाळा जेवणाच्या सुमाराला सुटतात. त्यामुळे दुपारी साडेतीन-चारला पूल उघडा असेल तर तो अर्धा रिकामा असतो, स्पर्धेची बॅच पुढे संध्याकाळी येते. त्या तासात जा. ऊन असतं, म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा कपडा घाला, पण जागा असते, गोंगाट नसतो आणि कुणाची लेन अडवली म्हणून कुणी ओरडत नाही. त्याच कॉम्प्लेक्समधली, त्याच शाळेतली तीन-चार मुलं जमवा आणि त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा, पाऊण तास एक शिक्षक ठरवा. तिसऱ्या दिवशी नुसतं खेळणं. माझ्या अनुभवात अशा चौघा-पाचांच्या टोळीइतकं काहीच टिकत नाही. मूल पोहायला कमी आणि मैत्रिणींसाठी जास्त जातं, आणि जाता जाता पोहणं पक्कं होतं.

त्या पाऊण तासात काय करायचं? माझ्या टोळीचं सांगते. पहिली दहा मिनिटं शांत पोहायचं, ज्याला जो स्ट्रोक आवडतो तो. मग तळाला रंगीत रिंगा टाकते. कोण किती आणतं ते मोजत नाही, सगळ्यांनी मिळून सगळ्या वर आणायच्या. कधी एकाने डोळे मिटून पाठीवर तरंगायचं आणि दुसऱ्याने त्याला डोक्याशी हलकेच धरून पूलभर फिरवायचं. कधी पाण्याखाली एकमेकांना वाक्यं सांगायची आणि वर येऊन काय ऐकू आलं ते सांगायचं. यात हसून हसून मुलांचा श्वास किती सुटा होतो ते बघण्यासारखं असतं. शेवटची पंधरा मिनिटं एक नवी गोष्ट. एका आठवड्यात बेडकाची लाथ, पुढच्या आठवड्यात उलटी कोलांटी. आपल्या आज्या-आजोबांच्या पिढीला कमरेला सुके नारळ बांधून तळ्यात सोडायचे. त्यांना कुणी लॅप्स मोजायला लावले नव्हते, तरी ती माणसं भरल्या नदीत पोहायची. फक्त त्या काळी तळ्यावर बघायला सगळा वाडा असायचा, आज ते काम आपल्याला पैसे देऊन आणि डोळे उघडे ठेवून करावं लागतं.

आता मी जरा कडक बोलणार आहे. स्पर्धा नको म्हणजे कच्चं पोहणं चालेल, असं अजिबात नाही. आपण गोव्यात राहतो. नदी, खाडी, समुद्र, देवळाची तळी, धबधबे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सोडून दिलेल्या चिऱ्यांच्या खाणी. पावसात त्या काठोकाठ भरतात, पाणी हिरवं, शांत दिसतं, पण कडे सरळ तुटलेले असतात. आत पडलेल्याला पाय टेकायला जागा नसते आणि वर यायला धरायला काही नसतं. म्हणून मुलीला वेग नसला तरी चालेल, पण काही गोष्टी इतक्या पक्क्या हव्यात की झोपेतून उठवलं तरी जमल्या पाहिजेत.

अमेरिकन रेड क्रॉसने पाण्यात तग धरण्यासाठी पाच गोष्टी एकापाठोपाठ एक करता यायला हव्यात असं मांडलं आहे, आणि मी तीच मोजपट्टी वापरते. डोक्यावरून जाईल इतक्या पाण्यात उतरणं किंवा उडी मारणं. वर येऊन एक मिनिट तरंगत राहणं किंवा उभ्यानेच हातपाय हलवत तोंड पाण्याबाहेर ठेवणं. गोल वळून बाहेर पडायची जागा कुठे आहे ते शोधणं. तिथवर २५ यार्ड, म्हणजे साधारण २३ मीटर, पोहत जाणं. आणि शिडी न वापरता बाहेर येणं. यात घड्याळ फक्त तरंगायच्या त्या एका मिनिटासाठी आहे, वेगासाठी नाही. तुमच्या मुलीला २३ मीटर सहज येत असतील, पण शिडीशिवाय काठ चढणं येतं का ते बघा. स्पर्धेच्या बॅचमधल्या कितीतरी मुलांना ते येत नाही, कारण त्यांना कुणी कधी करायलाच लावलेलं नसतं. मी वर्षातून एक-दोनदा मुलांना साध्या कपड्यांत, फ्रॉक किंवा टीशर्ट-पँट घालून पाण्यात उतरवते. पूलवाल्यांची परवानगी घेऊन आणि धुतलेले कपडे घालून. ओला कपडा अंगाला कसा ओढतो हे पहिल्यांदा कळतं तेव्हा मुलांचे डोळे मोठे होतात. तेवढं कळलं तरी तो तास सार्थकी लागला असं मी मानते.

हे सगळं आलं तरी मूल एकटं पाण्यात जाता कामा नये. कॉम्प्लेक्सच्या पूलवर रविवारी ती दोन तास असते असं लिहिलंत, तिथे जीवरक्षक आहे का? बहुतेक कॉम्प्लेक्समध्ये नसतो. मग ते दोन तास तुमच्याबरोबर पोहता येणारं कुणीतरी काठावर हवं, मोबाइल पिशवीत ठेवून. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर खाली-वर होतं, श्वास घेण्यातच सगळा जीव गुंतलेला असतो, आवाज फुटत नाही. शेजारी गप्पा मारणाऱ्या माणसाला पत्ताही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. हा आकडा तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, मोबाइल पिशवीत राहावा म्हणून सांगते.

समुद्राचं थोडक्यात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचं, लाल झेंडा असेल तर घोट्याइतक्या पाण्यातही नाही, आणि जून ते सप्टेंबर समुद्र फक्त डोळ्यांनी बघायचा. पूलमध्ये चांगलं पोहणाऱ्या मुलाला ओढीचा प्रवाह कळत नाही. तिला आत्तापासून सांगून ठेवा: पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, तरंगायचं, हात वर करायचा, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर.

पाण्याच्या स्वच्छतेबद्दल दोनच खुणा पुरतात. सगळ्यात खोल बाजूला तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. आणि डोळ्यांना झोंबणारा क्लोरिनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ असं नव्हे. क्लोरिन घाम आणि लघवीशी मिसळला की तो वास येतो. उतरण्याआधी अंघोळ सक्तीची असलेला पूल म्हणूनच चांगला. पोहून आल्यावर मान तिरकी करून कानातलं पाणी जाऊ द्यायचं, टॉवेलने बाहेरून पुसायचं. कानात तेल घालायचं नाही, आजीने कितीही सांगितलं तरी. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ओठ निळसर झाले, दात वाजायला लागले की पाच मिनिटं उरली असली तरी बाहेर काढायचं. कुडकुडणारं मूल काही शिकत नाही.

मुलगी नऊची आहे, म्हणून एक गोष्ट वेळेआधी सांगते. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचं शरीर बदलेल, आणि पोहणं सोडणाऱ्या मुलींतल्या पुष्कळजणी याच वळणावर गळतात. पूल निवडताना मुलींची कपडे बदलायची खोली बघा: दाराला कडी आहे का, आत उजेड आहे का. गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा पोहण्याचा कपडा चालतो का ते विचारून ठेवा. सुती कपडा चालत नाही, पण पोहण्याच्याच कापडाचा अंगभर कपडा बहुतेक ठिकाणी चालतो. पाळी सुरू झाल्यावर ‘आज येणार नाही’ एवढंच सांगितलेलं पुरेल, त्यामागचं कारण विचारलं जाणार नाही, अशी शिक्षिका असेल तर सोन्याहून पिवळं.

आता कोचना काय सांगायचं. गुपचूप जाणं बंद करू नका, उद्या त्याच पूलवर जायचंय. मुलीला शेजारी उभी ठेवून तिच्यासमोर तिची तक्रार करू नका. एकटं भेटून म्हणा, ‘सर, तुम्ही तिला फार चांगलं शिकवलंत. सध्या तिला टायमिंग झेपत नाही, आम्ही तिला जनरल वेळेत आणणार आहोत. पुढे तिला स्वतःला वाटलं तर तुमच्याकडेच येऊ.’ टॅलेंट वाया जाईल असं ते पुन्हा म्हणतील. म्हणू द्या. नऊव्या वर्षी थांबलेलं मूल बाराव्या वर्षी स्वतःहून ‘मला रेसमध्ये उतरायचंय’ म्हणत आलेलं मी पाहिलं आहे. ज्याला पाण्याचीच शिसारी आली, ते परत आलेलं मात्र एकही पाहिलेलं नाही. आणि बॅच बदलल्यावर तीन-चार आठवड्यांनीही पोट दुखत राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, सगळं पोहण्यावर ढकलू नका.

घरी येताना गाडीत एक पथ्य पाळा. ‘आज किती लॅप्स?’ विचारू नका. ‘आज नवीन काय शिकवलं?’ हेसुद्धा नको. पोहून आलेल्या मुलाला सपाटून भूक लागलेली असते. वाटेत थांबून बन्स आणि पातळभाजी घ्या, ती स्वतःच बोलायला लागेल.

आणि तुम्ही ओझरतं लिहिलंय की तुम्हाला पोहता येत नाही. पूलवर चौकशीला जाल तेव्हा बायकांच्या बॅचचीही वेळ विचारून या. पहिल्या दिवशी कुणी तुम्हाला हातपाय मारायला लावणार नाही. उथळ बाजूला दांडी धरून उभं राहायचं, तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे, एवढंच. घरी बादलीत आधी करून बघायचं असेल तर मुलीला सांगा, ती दाखवेल.